वसुधा भोळेचा कागद

झाशीतल्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये, पाण्याच्या माठांच्या वरच्या भिंतीवर, एक काळा फलक आहे. गणेशोत्सवातल्या इंग्रजी शब्दस्पर्धेच्या विजेत्यांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत, एका वर्षाला एक ओळ. वरून सातवी ओळ चुकीची आहे. चूक पेंटरची नाही, माझी आहे.

मंडळाचे आताचे अध्यक्ष मुकुंद यांनी या दिवाळी अंकासाठी मला लिहायला सांगितलं तेव्हा विषयही तेच देऊन गेले. "सर, तुमच्या डब्यांबद्दल लिहा. मुलांच्या गमती लिहा. हलकंफुलकं." मी हो म्हटलं. तीनदा लिहायला बसलो. गमती लिहून होतात, मग हात त्या सातव्या ओळीपाशी येऊन थांबतो. उठतो, गॅलरीत जातो, खंडेराव गेटाकडून येणाऱ्या टेम्पोंचे हॉर्न ऐकत उभा राहतो, परत येऊन बसतो. वय ब्याऐंशी आहे. आता आणखी किती वेळा उठणार? तेव्हा गमतीही सांगतो, पण बसलो आहे त्या ओळीसाठी, हे आधीच सांगून ठेवतो.

मी चौतीस वर्षं लहान मुलांना इंग्रजी शिकवलं. आठवडाभर सदर बाजाराकडच्या एका प्राथमिक शाळेत आणि रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये, आपल्या मराठी मुलांसाठी. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे काम म्हणजे एबीसीडी गाऊन घेणं. प्रत्यक्षात आमच्याकडे येणारं मूल घरात मराठी बोलतं, गल्लीत बुंदेली आणि शाळेत हिंदी. तिन्हींत एक गोष्ट सारखी, जे लिहिलं ते बोलायचं आणि जे बोललं ते लिहायचं. अक्षर प्रामाणिक असतं अशी त्या मुलाची खात्री झालेली असते. आणि मग मी त्याला 'नाइफ' लिहून दाखवतो. एका मुलाने पहिल्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं होतं, "सर जी, ये बोलता नहीं तो बैठा क्यों है?"

मी म्हटलं, "मेहमान है."

त्याला ते पटलं. पुढे वर्षभर तो प्रत्येक नव्या शब्दात मेहमान कुठे बसला आहे ते आधी शोधायचा आणि मगच घरच्या मंडळींकडे वळायचा. असली उत्तरं पुस्तकात नसतात, ऐन वेळी सुचावी लागतात. सुचली नाहीत की मूल आपल्याकडे ज्या नजरेने बघतं ती नजर संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

पुस्तकातला पहिला शब्द सफरचंद असायचा. त्या काळात आमच्या घरांत सफरचंद यायचं ते कोणी दवाखान्यात असलं तर. चित्र दाखवून "हे काय?" विचारलं की निम्मी मुलं सांगायची, "बीमार." म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि डब्या सुरू केल्या. प्रत्येक मुलाने काड्यापेटीची एक रिकामी डबी आणायची. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून तिचे दोन कप्पे करायचे. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायच्या, एका बाजूला मुलाने स्वतः काढलेलं चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द. नवे शब्द डाव्या कप्प्यात. न बघता लिहिता आला की शब्द उजवीकडे जायचा. नियम एकच होता, ज्या वस्तूला त्या आठवड्यात आपला हात लागला नाही, तिचा शब्द डबीत घालायचा नाही. हत्ती नाही, राजा नाही, जहाज नाही. बादली, कंदील, बटण, शिट्टी.

डब्या उघडल्या की घरं दिसायची. बरुआसागरहून एक आई आपल्या मुलीला दर रविवारी बसने आणायची. त्या मुलीच्या डबीत हॉर्न, टायर, कंडक्टर, तिकीट, ब्रेक असे सगळे बसचेच शब्द भरलेले असायचे. तिचा अर्धा रविवार बसमध्येच जात होता. एक आजोबा मात्र माझ्यावर नाराज होते. "बादली कसली शिकवता मास्तर, मोठे शब्द शिकवा. चार माणसांत पोराने तोंड उघडलं की कळलं पाहिजे." त्यांच्या समाधानासाठी मी नातवाला एक मोठा शब्द दिला, ॲप्लिकेशन. आजोबांच्या टेबलावर अर्ज असायचेच, त्यामुळे हात लागण्याचा नियमही मोडला नाही. पंधरा दिवसांनी आजोबा परत आले. पोरगा भूक लागली की आजीला ॲप्लिकेशन म्हणतो आणि परसाकडे जायचं असलं तरी ॲप्लिकेशनच म्हणतो. "त्याला बादली शिकवा," ते म्हणाले.

हसवायला असं पुष्कळ आहे. पण मी पुन्हा उठून आलो आहे, तेव्हा आता मुद्द्यावर येतो.

रामदास भोळे हे लोको शेडमध्ये फिटर होते. मूळचे भुसावळकडचे, राहायला रेल्वेच्या पुलापलीकडे, नगऱ्यात. तेव्हा डिझेल इंजिनं वाढत होती, पण शेडमध्ये कोळशाची इंजिनंही अजून होती. एका रविवारी ते आपल्या मुलीला सायकलवरून हॉलमध्ये घेऊन आले. वसुधा, वय नऊ, दोन घट्ट वेण्या, पायात चपला नाहीत.

"मास्तरसाहेब, हिला येतं सगळं," भोळे म्हणाले. "पण लिहायला सांगितलं की काय होतं ते तुम्हीच बघा."

मी बघितलं. डिक्टेशनला झाशीत इमला म्हणतात, आपल्या घरांतही तोच शब्द आहे. वसुधाचा इमला मी त्याआधी पाहिलेल्या कुठल्याच मुलासारखा नव्हता. अक्षरं उलटी व्हायची, जागा बदलायची, दोन शब्दांची मिळून एक ओळ व्हायची. मराठी-हिंदीतही कानामात्रे सुटायचे. आज याला नाव आहे, तपासण्या आहेत, शिकवायच्या वेगळ्या पद्धती आहेत. आमच्याकडे त्या वेळी दोनच शब्द होते, लक्ष नाही आणि आळस. मी तिला एकेक शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. तिने पन्नास वेळा लिहून आणला, पन्नास तऱ्हांनी. तो कागद मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नेला होता, हसायला. लोक हसले.

पण तिची डबी. आमच्या गेटाच्या आतल्या मुलांच्या डब्यांत आठ-दहा चिठ्ठ्या असताना भोळ्यांच्या मुलीची डबी बंद होत नव्हती. बॉयलर, सिग्नल, बफर, पिस्टन, व्हाल्व, गेज. चित्रं इतकी अचूक की मला स्वतःला पिस्टन काय असतो ते त्या चिठ्ठीवरून कळलं. अर्थ विचारला तर सांगायची, "बॉयलर म्हणजे बाबांच्या शर्टाला ज्याचा वास येतो ते." रेल्वेच्या घरांत इंग्रजी शब्दांचा केवढा साठा पडून आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होतो की इंग्रजी आम्ही गेटाच्या आतल्या लोकांनी त्यांना द्यायचं असतं.

हे आतलं-बाहेरचं प्रकरण तरुण वाचकांना सांगायला हवं. आमची घराणी मराठ्यांच्या राज्यात कारभारी आणि उपाध्ये म्हणून इथे आली आणि कोटाच्या आत राहिली. रेल्वेची मराठी माणसं पुष्कळ नंतर आली, नोकरीसाठी. मंडळ एकच होतं. पण उत्सवात आम्ही पहिल्या दोन ओळींत बसायचो आणि मांडव ते घालायचे. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे ते बदलायचंही कोणाला सुचत नव्हतं.

एकदा वर्ग सुटल्यावर हॉलच्या अंगणात वसुधा एकटी लंगडी घालत होती. फरशीच्या एका चौकोनातून दुसऱ्यात उडी, आणि प्रत्येक उडीला एक अक्षर. मी खिडकीत उभा होतो. तिने सिग्नल शब्द सहा उड्यांत बरोबर पुरा केला. मग पिस्टन, मग बकेट, सगळे बरोबर. मी बाहेर जाऊन तिथेच तिच्या हातात पेन्सिल दिली. कागदावर सिग्नलची तीनच अक्षरं उतरली, तीही मागेपुढे.

"असं का होतं ग?"

तिने जरा विचार केला. "सर, पायांना माहीत आहे. हाताला अजून कोणी सांगितलं नाही."

त्यानंतरचे पाच महिने हे माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले महिने होते. मी फरशीवर खडूने चौकोन आखले. ती चालत शिकायची, उड्या मारत शिकायची, जिन्याच्या पायऱ्यांवर शिकायची. बाकीची मुलंही चौकोनांत घुसली आणि त्यांचाही इमला सुधारला. वसुधाचा हात मात्र हळूहळूच चालला, वीस शब्दांत तीन, कधी चार. पण तोंडी तिला हरवणारं कोणी उरलं नव्हतं.

गणेशोत्सव आला. शब्दस्पर्धा मीच सुरू केली होती, सहा वर्षांपूर्वी, आणि नियमही माझेच होते. सकाळी वीस शब्दांची लेखी फेरी. त्यातली पहिली सहा मुलं संध्याकाळी आरतीनंतर व्यासपीठावर, तोंडी फेरीसाठी. मी आदल्या आठवड्यात मंडळाच्या चिटणीसांकडे गेलो. त्यांना सगळे दाजीसाहेब म्हणायचे. म्हटलं, एका मुलीला लेखी फेरी माफ करावी, तिचं सगळं तोंडी आहे.

"कोण?"

"भोळ्यांची वसुधा."

दाजीसाहेब पान लावत होते. "मास्तर, आज हिचं तोंडी, उद्या कोणी म्हणेल माझं गाण्यात आहे. नियम तुम्हीच केलात ना? मग पाळा." आणि हसून म्हणाले, "नाहीतर असं करा, पुढच्या वर्षी पायाने लिहिणाऱ्यांची वेगळी स्पर्धा काढा."

तिथे मी म्हणायला हवं होतं की नियम माझे आहेत, मी बदलतो. दाजीसाहेबांचा मुलगा स्पर्धेत होता, हुशार होता. मी काहीतरी बोललो तर ते त्याच्याविरुद्ध समजलं जाईल असं वाटलं. मी पान घेतलं आणि उठलो.

स्पर्धेच्या दिवशी लेखी फेरीत वसुधाचे वीसपैकी तीन शब्द बरोबर आले. मुलं घरी गेली. हॉलच्या मागे एक लहान खोली आहे, त्यात विजेचं मुख्य बटण आणि मंडळाचं कपाट. मी तिथे कागद तपासत बसलो होतो. तिचा कागद समोर होता आणि मला माहीत होतं की संध्याकाळी ती व्यासपीठावर उभी राहिली तर जिंकेल. मी एक कोरा कागद घेतला आणि तिचा इमला नव्याने लिहिला.

मुलाचं अक्षर काढणं सोपं नाही. ते वाकडं असतं, पण त्या वाकडेपणाला शिस्त असते. मी दहा वर्षं रोज तेच बघत आलो होतो. तिचं पोट फुगलेलं 'बी' अक्षर, तिची ओळीखाली घसरणारी अक्षरं, सगळं मला येत होतं. तीन शब्द मुद्दाम चुकवले. कागद पुरा झाल्यावर मी तो लांब धरून पाहिला आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटला. तिचा खरा कागद घडी करून खिशात घातला. मग बाकीचे कागद तिथेच ठेवून अर्धा तास घरी जेवायला गेलो. निघताना भोळे दारात भेटले. मांडवातले दिवे ते लावत होते, शिडी खांद्यावर होती. बटणाच्या खोलीची किल्ली त्यांना हवी होती. मी ती त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी वसुधा व्यासपीठावर आली. हात पाठीमागे, अनवाणी. प्रत्येक अक्षराला एक टाच जराशी उचलली जायची. पुढच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "नाचते आहे की काय?" थोडे लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण ती चुकत नव्हती. एकेक मूल खाली बसत गेलं. शेवटी ती आणि दाजीसाहेबांचा मुलगा उरले. तो अडला. ती अडली नाही.

टाळ्या वाजल्या, मागच्या ओळींतून जास्त. दाजीसाहेब व्यासपीठावर आले आणि मला वाटलं, बक्षीस द्यायला आले आहेत. त्यांनी लेखी फेरीचा कागद मागितला. मी दिला. त्यांनी तो पाहिला, मग वसुधाकडे पाहिलं. मीच आठवड्यापूर्वी त्यांना सांगितलं होतं की हिला लिहिता येत नाही. ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"बाळ, इथे बस," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "हे पहिले पाच शब्द मला पुन्हा लिहून दाखव."

ती टेबलाशी बसली. सगळा हॉल बघत होता. तिने लिहिलं. दाजीसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि पुढच्या ओळीत फिरवले.

"हा कागद कोणी लिहिला?" त्यांनी विचारलं.

वसुधाने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं, सरांना माहीत असेल म्हणून पाहिलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "त्या खोलीची किल्ली दुपारी भोळ्यांकडे होती."

दाजीसाहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, कागद तुमच्या ताब्यात होते ना?"

मी म्हणालो, "मी जेवायला घरी गेलो होतो."

एवढंच. वाक्य खरं होतं. पण इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

भोळे मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांनी मला नीट पाहिलं. त्यांनी कागदाला हात लावला नव्हता हे त्यांना माहीत होतं, आणि मग उरतो तो कोण हे कळायला त्यांना वेळ लागला नसणार. मी वाट बघत होतो की ते आता बोलतील. ते पुढे आले, वसुधाचा हात धरला, "चल ग वसू," म्हणाले, आणि दोघं बाहेर गेले. त्यांनी लावलेल्या दिव्यांखालून गेले.

बक्षीस दाजीसाहेबांच्या मुलाला मिळालं. पेंटरने फलकावर त्याचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये एकटाच होतो. भोळे सायकल घेऊन आले.

"शिडी न्यायची होती."

"हो, घेऊन जा ना."

"एकट्याला जड आहे."

"थांबा, मी धरतो."

मी शिडीचं एक टोक धरलं. आम्ही ती फाटकापर्यंत नेली. त्यांनी ती दोरीने सायकलला बांधली, सोडली, परत बांधली. मी बघत उभा होतो. तोंडात वाक्य तयार होतं. कालच सांगायचं ते आज कसं सांगायचं, एवढाच विचार मी करत राहिलो.

"बरं मग, मास्तरसाहेब," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणालो.

त्यानंतर भोळ्यांच्या घरातलं कोणी मंडळात आलं नाही. पुढच्या वर्षी मांडव दुसऱ्यांनी घातला. लेखी फेरी मी त्याच वर्षी बंद केली, कोणी विरोध केला नाही. आखलेल्या चौकोनांवरून अक्षरं शिकवण्याची माझी पद्धत शाळेत गाजली, बाहेरचे शिक्षक बघायला येऊ लागले आणि निवृत्तीच्या वेळी तिच्याबद्दल मला शाल मिळाली. ती पद्धत कोणाच्या पायांची होती हे मी त्या भाषणात सांगितलं नाही. भोळे वारले तेव्हा मला कळलं होतं. मी रेल्वेच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या पुलापर्यंत मी त्याआधीही बऱ्याच वेळा गेलो होतो.

या वर्षी होळीनंतर मुकुंदनी लेखाचं सांगितलं आणि मी पूल ओलांडला. खिशात वसुधाची डबी होती. ती हॉलच्या फळीवर राहिली होती, मी ती कपाटात ठेवली होती. सोबत तिचा खरा कागद होता.

नगऱ्यात तेच घर आहे. वसुधा शिवणकाम करते. दहावीला इंग्रजीत दोनदा अडकली, मग मशीन घेतली, हे मला इकडून तिकडून कळलेलं होतं. दारात मला बघून ती जागेवरच थांबली. तिचे केस पांढरे झाले आहेत. वेण्या नाहीत, पण उभं राहण्याची पद्धत तीच.

"सर? या. उन्हातून आलात. पानी पीजिए पहले."

मी पाणी प्यालो. मग खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. खोली, कोरा कागद, खिसा, जेवण. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. घरी येताना बाबांनी पुलावर सायकल थांबवली. म्हणाले, तुझ्या सरांनी तुझ्यासाठी केलं, म्हणून मी तिथे बोललो नाही. माणूस घाबरला आहे, उद्या स्वतः सांगेल."

"दुसऱ्या दिवशी ते शिडी न्यायला आले होते," मी म्हणालो.

"शिडी आमची नव्हती, सर. शेडमधली होती. शेडचा खलाशी, हाताखालचा माणूस, येऊन नेणार होता, ठरलं होतं. बाबा म्हणाले, नाही, मीच जातो. तुम्ही एकटे भेटाल म्हणून गेले." तिने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "परत आले तेव्हा आईने विचारलं, काय म्हणाले मास्तर? बाबा म्हणाले, शिडी धरू लागले."

मी डबी टेबलावर ठेवली. तिने ती उघडली. पुठ्ठ्याची पट्टी अजून मध्ये होती. तीन-चार सोडून सगळ्या चिठ्ठ्या डावीकडे होत्या. तिने एक उचलून चित्राची बाजू पाहिली, शब्दाची बाजू पाहिली. ती मशीनशी बसली होती आणि तिचा पाय पायडलवर होता. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतो, बघवत नव्हतं, म्हणून पायाकडे बघत होतो. टाच सहा वेळा उचलली गेली. चिठ्ठी कोणती होती हे मला तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

"मुकुंदशी मी बोलतो," मी म्हणालो. "फलकावर तुझं नाव आलं पाहिजे."

"फलकाचं तुम्ही बघा. मला त्या हॉलमध्ये यायचं नाही, आता आवडच राहिली नाही." तिने डबी बंद केली. "पण किल्ली बाबांकडे होती असं तिथे सगळ्यांसमोर म्हटलं गेलं. ते ऐकणारे अजून आहेत, त्यांची मुलं आहेत. मंडळातले काका लोक बाजारात दिसले की बाबा रस्ता बदलायचे, मरेपर्यंत. ते तुम्ही मला सांगून काय उपयोग? मला तर ठाऊकच होतं. जिथे म्हटलं गेलं तिथे सांगा."

"अंकात लिहितो. सगळ्यांच्या घरी जातो तो."

"लिहा. एक अंक मला पाठवा." मी दाराशी आलो तेव्हा ती म्हणाली, "सर, बाबांचं जिथे असेल तिथे लहान वाक्यं लिहा. मला वाचायला वेळ लागतो."

लेख पुरा झाल्यावर मी तो मुकुंदना वाचून दाखवला. त्यांना आधी दाखवणं भाग होतं, कारण दाजीसाहेब त्यांचे वडील, आणि सातव्या ओळीतलं नाव त्यांचंच आहे. ऐकताना ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाबांनी त्या दिवशी घरी मला विचारलं होतं, ती तोंडी कसं काय सगळं बोलली रे? मी म्हटलं, तिला येत होतं. बाबा पान लावायला बसले." माझ्याकडे वळून म्हणाले, "हलकंफुलकं सांगितलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"छापू. पेंटरलाही सांगतो."

आता पुढची वाक्यं लहान आहेत. ती वसुधासाठी आहेत, पण सगळ्यांनी वाचावीत.

वसुधा, त्या दिवशी किल्ली तुझ्या बाबांकडे होती. ती मी दिली होती. ते दिवे लावत होते. त्यांनी कागद पाहिला नाही. कागद मी लिहिला. मला विचारलं. मी सांगितलं नाही. तुझे बाबाही बोलले नाहीत. ते माझ्यासाठी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. तेव्हाही मी सांगितलं नाही. आज सांगतो. स्पर्धा तू जिंकलीस.